आवाज कुणाचा?

कॉलेजच्या आठवणी सांगणारे वडील हा आपल्याकडे चेष्टेचा विषय आहे. घरी पाहुणे आले, चहा झाला, की 'आमच्या वेळी' या दोन शब्दांनी सुरू होणारे निवेदन कुठवर जाणार याचा अंदाज घरच्यांना असतो आणि नेमके त्याच वेळी ज्याला त्याला काहीतरी काम आठवते. या चेष्टेला माझी हरकत नाही. मात्र सीमाभागातल्या मराठीची बाजू मांडताना आपण जनगणनेचे आकडे काढतो, शाळांचे पट मोजतो, जुने फेरफार आणि खरेदीदस्त गोळा करतो, आणि घरात आरामखुर्चीवर बसलेला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार तेवढा तपासायचा राहून जातो, हे वकील म्हणून मला खटकते. या साक्षीदाराला जे ठाऊक आहे ते कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. या प्रदेशातली तरुण मुले एकमेकांशी कोणत्या भाषेत भांडत होती, हे त्याला ठाऊक आहे.

माझ्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. (हा शब्द उच्चारताना मराठी कुठे संपते आणि कन्नड कुठे सुरू होते, हे ज्याला सांगता येईल त्याने सीमाप्रश्नावर जरूर बोलावे.) आप्पा जून १९५६ मध्ये खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून बेळगावात कॉलेजसाठी आले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. त्यांचे पहिले सत्र जेमतेम संपले असेल नसेल, तोच १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. शहापुरातली त्यांची खोली जागच्या जागी राहिली, गावाहून बसने येणारा भाकरीचा डबा तसाच येत राहिला, विद्यापीठही आधीपासून धारवाडचेच होते, तेही बदलले नाही. एकाच शैक्षणिक वर्षात, जागचे न हलता, ते दोन राज्यांचे विद्यार्थी झाले. एवढी मोठी घटना, पण त्यांच्या कॉलेजच्या आठवणींत तिला जागा फार थोडी. सगळी जागा व्यापली आहे ती 'समोरच्या कॉलेजा'ने.

कोणते कॉलेज त्यांचे आणि कोणते समोरचे, हे मी सांगणार नाही. दोन्हींचे माजी विद्यार्थी माझ्या अशिलांत आहेत आणि त्यांतल्या काहींची फी अजून यायची आहे. बेळगावकर ओळखायचे ते ओळखतीलच. एक कॉलेज मराठी माणसांच्या पुढाकाराने निघालेले, दुसरे कन्नड माणसांच्या. दोन्हीकडे दोन्ही भाषांची मुले होती आणि दोन्हीकडच्या प्राध्यापकांच्या खोल्यांत दोन्ही भाषा ऐकू येत. टिळकवाडीच्या रेल्वेफाटकावर गाडी जाईपर्यंत दोन्ही कॉलेजांच्या सायकली एकमेकींना खेटून उभ्या राहत, तेवढ्या पाच मिनिटांत दिवसभराचे टोमणे उरकून घेतले जात. क्रिकेटचा सामना असो, खो-खो असो वा वक्तृत्वस्पर्धा, समोरच्या कॉलेजाला हरवायचे याखेरीज दुसरा विषय नसे. हरवल्यानंतर काय करायचे हेही ठरलेले होते: जिंकलेल्यांनी कुंदा द्यायचा आणि हरलेल्यांनी तो 'यंदा साखर जरा कमीच पडली' म्हणत खायचा.

आप्पांची खरी रसवंती सुरू होते ती शेलापागोट्यांपाशी. ज्यांनी स्नेहसंमेलने केवळ हल्लीची पाहिली आहेत त्यांच्यासाठी सांगतो. शेला आणि पागोटे म्हणजे मानाचा आहेर. मराठी कॉलेजांतल्या मुलांनी तो उलटा केला. स्नेहसंमेलनाच्या रात्री कुणा प्राध्यापकाला, कुणा मुलाला, एखाद्या धीट मुलीलाही, निनावी चिठ्ठीतून एकदोन ओळींचा टोमणा 'बहाल' करायचा आणि तो साऱ्या सभागृहासमोर वाचून दाखवायचा. इंग्रजी वळणाचे नाव फिशपाँड. पण शेलापागोटे या शब्दात जी खोच आहे, मान देतो म्हणून मान काढून घेण्याची, ती फिशपाँडमध्ये नाही. असा शब्द समिती नेमून तयार होत नाही. तो वापरणाऱ्यांना एकमेकांची टोपी उडवण्याची हौस असावी लागते आणि ती हौस त्याच भाषेत भागवायची सवय असावी लागते.

त्यातले दोन नमुने आप्पांना अजून पाठ आहेत. गोकाक भागातून आलेला, मराठी नुकताच शिकू लागलेला एक मुलगा होता. त्याला मिळालेले पागोटे असे: 'याला विचारले, पोहता येते का? तर म्हणतो, हौदु!' कन्नडमध्ये हौदु म्हणजे होय. मराठी मुलांना त्यात पाण्याचा हौद दिसला आणि त्या बिचाऱ्याला वर्षभर कुणी नावाने हाक मारली नाही, हौद्याच म्हटले. पुढच्या वर्षी त्याने फेड केली. त्याची चिठ्ठी अशी होती: 'या मराठी पोरांना रोज सकाळपासून रात्रीपर्यंत नारळ का लागतो?' सभागृहातली निम्मी मुले हसली, निम्मी गप्प. मग उलगडा झाला. कन्नडमध्ये 'कायी' म्हणजे नारळ किंवा कच्चे फळ; आणि मराठी माणूस तर दर वाक्याला 'काय? काय?' करत असतो. उलगडा झाल्यावर उरलेली निम्मीही हसली, आणि आप्पा म्हणतात, आधी हसलेल्यांपेक्षा जोरात.

या दोन टोमण्यांत भाषाशास्त्राचा एक धडा आहे. शेजारच्या भाषेतला शब्द आपल्या कानाला कसा ऐकू येतो, यावर कोटी करायला दोन्ही भाषा थोड्याथोड्या तरी याव्या लागतात. आणि समोरच्यालाही त्या येतात, ही खात्री असावी लागते. तूप, अक्का, अण्णा, अडकित्ता हे शब्द आपल्याकडे कन्नडमधून आले असे अभ्यासक सांगतात, ते अशाच शेजारातून आले असणार. त्यासाठी कुणी ठराव केलेला नव्हता.

हे सगळे गोडीगुलाबीचे होते असे मात्र मला भासवायचे नाही, आणि साक्षीदाराची उलटतपासणी घेतल्याशिवाय त्याचा जबाब स्वीकारण्याची मला सवयही नाही. मी आप्पांना विचारले, तुम्हाला काय मिळाले होते? त्यांनी बराच वेळ टाळले. मग सांगितले. आमच्या भागातल्या मराठीत 'पण' या अर्थी 'खरं' म्हणतात: 'येतो म्हणाला, खरं आला नाही.' खेड्यातून आलेले आप्पा वर्गात उत्तर देताना दर वाक्यात एक 'खरं' घालत. शहरातल्या, पुस्तकी मराठी बोलणाऱ्या मुलांनी त्यांना पागोटे बांधले: 'सत्यवचनी हरिश्चंद्रानंतर हाच. याचे सगळेच खरे!' आप्पा त्या रात्री हसले नाहीत. पुढे वर्षभर वर्गात बोललेही नाहीत. म्हणजे ज्या आवाराची ते आज एवढ्या मायेने आठवण काढतात, तिथे त्यांना पहिली जखम झाली ती कन्नडकडून नव्हे, मराठीकडूनच. जातीची, गावाची, वाड्याची आणि वाडीची उतरंड त्या मराठीत पुरेपूर होती. मुलींची संख्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांच्या वाट्याला आलेली पागोटी आज वाचली तर कुणाच्याही कपाळाला आठी पडेल. गतकाळ सोन्याचा होता असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा नाही.

पण तिसऱ्या वर्षी हाच गप्प बसलेला मुलगा कॉलेजच्या चिटणीसपदाच्या निवडणुकीला उभा राहिला आणि त्याने प्रचाराचे पहिलेच वाक्य 'खरं'पासून सुरू केले. विरोधात होता तोच हौद्या, आता अस्खलित मराठी बोलणारा. दोघांनीही हिशेब सारखाच केला. आपल्या भाषेची मते आपलीच आहेत, मिळवायची ती दुसऱ्या भाषेची. मग हौद्याने मराठीत भाषणे ठोकली आणि आप्पांनी कन्नडमध्ये. आप्पांचे कन्नड तेव्हा बाजारापुरते होते. 'मत कोडी', म्हणजे मत द्या, एवढे एक वाक्य त्यांनी घोकले होते. पुढचे काही सुचेना, म्हणून तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मागच्या बाकावरून एका मराठी मुलाने ओरडून विचारले, 'अरे, कोडी कसली घालतोस, उत्तर सांग!' सभा संपली ती हास्यकल्लोळात. आप्पा थोड्या मतांनी हरले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे त्यांना कन्नड मुलांची मते अपेक्षेपेक्षा जास्त पडली आणि हौद्याला मराठी मुलांची. या हिशेबाला कागदोपत्री आधार नाही, साक्षीदार हितसंबंधी आहे, आणि साठ वर्षांहून जुना पराभव माणूस आपल्या सोयीने मोजतो, हे सारे मान्य. तरी एक गोष्ट शिल्लक राहते: निवडून यायचे तर दुसऱ्याची भाषा बोलावी लागेल, असे त्या दोन विशीतल्या मुलांना वाटले होते.

कागदोपत्री आधार मुळीच नाही असेही नाही. आप्पांच्या ट्रंकेत त्यांच्या कॉलेजच्या वार्षिक अंकाची एक प्रत आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात नव्वदावे कलम होते: तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला, तर न्यायालय तो अस्सल असल्याचे गृहीत धरू शकते. त्या निकषावर ही ट्रंक उत्तम आहे. अंकाला इंग्रजी, मराठी, कन्नड असे विभाग आहेत. मराठी विभागात कविता आहेत (बहुतेक पावसावरच्या, बेळगावात राहून दुसरे काय लिहिणार), पानशेंगदाण्यावर जगणाऱ्या वसतिगृहवासीयांवरचा एक विनोदी लेख आहे, समोरच्या कॉलेजच्या क्रिकेट संघावरचे दीडपानी खंडकाव्य आहे, आणि एका कन्नड कवितेचा मराठी अनुवादही आहे. दर्जा सामान्य. पण एकोणीस वर्षांच्या मुलांनी आपल्या भाषेत वाईट कविता लिहायची असते. चांगल्या कवितेकडे जाणारी दुसरी वाट मला तरी ठाऊक नाही.

शिकवणारे कोण होते हेही पाहावे. राणी पार्वतीदेवी कॉलेजात पु. ल. देशपांडे काही काळ प्राध्यापक होते. 'गणगोत'मधल्या रावसाहेबांची कानडी वळणाची, शिव्यांनी मढवलेली आणि मायेने ओथंबलेली मराठी त्यांना याच गावाने दिली. जी. ए. कुलकर्णी वाढले बेळगावात, आयुष्यभर नोकरी केली धारवाडच्या कॉलेजात, शिकवले इंग्रजी आणि लिहिले मराठीत. द. रा. बेंद्रे यांच्या घरात मराठी होती, ते शिकले पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, कन्नडचे अध्यापन केले सोलापूरच्या कॉलेजात, आणि कन्नडचे थोर कवी झाले. आणि वि. कृ. गोकाक! आपल्या सभांत गोकाक हे नाव निघाले की वातावरण तापते, कारण कर्नाटकात शाळांतून कन्नडला अग्रस्थान द्या म्हणणारा १९८१ चा अहवाल त्यांच्या नावाने ओळखला जातो. पण हेच गोकाक कधीकाळी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजचे आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य होते, हे त्या सभांत कुणी सांगत नाही. मराठी मुलांच्या कॉलेजांचा कारभार एका कन्नड साहित्यिकाने पाहिला आणि त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. त्या अहवालाशी माझा मतभेद आहे आणि राहील. तरी ज्याच्याशी भांडायचे तो माणूस आपल्याच आवारात वावरलेला होता, एवढे भान भांडणाराला असावे.

मी स्वतः कॉलेजात गेलो १९८७ साली. त्याच्या आदल्या वर्षी, जून १९८६ मध्ये, कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात आमच्या भागातली माणसे गेली होती. आमच्या वेळी समोरचे कॉलेज उरले नव्हते, समोरची भाषा होती. भांडण एकाच कॉलेजच्या आत आले. स्वागताचा फलक कोणत्या भाषेत, वरची ओळ कोणाची, स्नेहसंमेलनात नाटक एकच बसणार तर ते कोणते, यावर मारामाऱ्या होत. मग व्यवस्थापनांनी शहाणपणाचा म्हणून एक तोडगा काढला. वाद नको, दोन्ही नकोत. फलक इंग्रजीत, सूत्रसंचालन इंग्रजीत, गाणी हिंदी चित्रपटांतली. शेलापागोटी बंद, कारण टोमण्याला आता टोमणा म्हणून कुणी घेणार नाही, त्याची फिर्याद होईल. तोडगा कोणत्या एका संस्थेने काढला असे नाही, तो हळूहळू सगळीकडेच रुजला. शांतता झाली हे खरे. ती शांतता दोन भाषांनी मैदान सोडल्यामुळे झाली.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू, कारण आपल्या चळवळीचा सगळा भर त्यावर आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय असावी, असे तो सांगतो. पण शब्द आहेत 'प्राथमिक टप्प्यावर'. कॉलेजबद्दल तो काही बोलत नाही. अनुच्छेद २९ भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क देतो, तर अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देतो, आणि त्यांत महाविद्यालये येतात. पंजाबी विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांवर पंजाबी हे एकमेव माध्यम लादले, तेव्हा डी. ए. व्ही. कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली ते रद्द केले. त्याआधीचा निकाल तर एका मराठी बापाचा आहे. गुजरात विद्यापीठ विरुद्ध श्रीकृष्ण रंगनाथ मुधोळकर, निकाल सप्टेंबर १९६२. शालान्त परीक्षा मराठी माध्यमातून उत्तीर्ण झालेला त्यांचा मुलगा अहमदाबादच्या कॉलेजात होता. विद्यापीठाने गुजराती-हिंदी माध्यमाची सक्ती केली, तेव्हा वडील न्यायालयात गेले आणि जिंकले. तो कायदा विद्यापीठाला एकच माध्यम लादण्याचा अधिकार देत नाही, असे बहुमताने ठरले.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल केंद्र आणि राज्य यांच्या अधिकारवाटपासाठी शिकवतात. मला त्यात दुसरेच काही दिसते. मुधोळकरांनी मागितले होते ते इंग्रजी माध्यम, मराठी नव्हे. आणि त्यांचे काही चुकले नव्हते. अहमदाबादेत मराठी माध्यमाचे कॉलेज मागणार कोण आणि देणार कोण? पुढे २०१४ साली कर्नाटकाच्याच प्रकरणात घटनापीठाने सांगितले की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम राज्याने लादायचे नाही, निवड पालकांची. हा निकाल आपण आपला विजय मानला. पालकांनी निवड केली. आणि काय निवडले ते आपल्या गल्लीत सकाळी आठ वाजता पिवळ्या बसच्या रांगा पाहिल्या की कळते. न्यायालय सक्ती उठवू शकते. मुलांनी कॅन्टीनमध्ये कोणत्या भाषेत थट्टा करावी, यासाठी कोणती रिट करणार?

गेल्या वर्षी मी एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला पालक म्हणून बसलो होतो. माझी मुलगी तिथे शिकते. प्रेक्षकांत मराठी मुले बहुसंख्य असावीत, निदान आडनावांवरून. तीन तासांत रंगमंचावरून मराठी ऐकू आली ती दोनदा: एकदा शिवाजी महाराजांच्या जयघोषात, आणि एकदा एका नकलेत, जिथे विसराळू, खेडवळ म्हाताऱ्याचे सोंग होते. घोषणा आणि म्हातारा! मुलीला विचारले तर ती म्हणाली, 'बाबा, मैत्रिणींशी मी मराठीतच बोलते, पण स्टेजवर कसं तरीच वाटतं.' या 'कसं तरीच' शब्दाचा अर्थ मी बराच वेळ लावत होतो. घरात बोलायची, देवासमोर बोलायची, मोर्चात ओरडायची भाषा. पण चारचौघांत मिरवायची, जिच्यात हुशारी दाखवावी अशी ती नव्हे.

इथे चळवळीबद्दल एक स्पष्ट मत मांडतो, काहींना ते रुचणार नाही. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत सीमाभागातल्या मराठीचा सार्वजनिक वापर आपण तक्रारीपुरता आणून ठेवला आहे. निवेदन, निषेध, ठराव, धरणे, काळा दिवस. यातले प्रत्येक आवश्यक होते आणि आहे. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचेही महत्त्व मी कमी मानत नाही. पण अठरा वर्षांच्या मुलाला भाषा भेटते ती जर फक्त अन्यायाची यादी होऊन भेटत असेल, तर तो तिच्याबद्दल आदर बाळगील आणि तिच्यापासून दूर राहील. आप्पांच्या पिढीला सीमाप्रश्न समजावून सांगावा लागला नाही. पुढे त्यातले कित्येक सत्याग्रहात तुरुंगात गेले. ते ज्या भाषेसाठी गेले, तिच्यात त्यांनी आधी समोरच्या कॉलेजची खोड काढली होती, निवडणूक हरली होती, एखाद्या मुलीला पत्र लिहून ते न देता फाडून टाकले होते.

यावर मला दोन आक्षेप नेहमी ऐकवले जातात. पहिला, मुलांना नोकऱ्या इंग्रजीने मिळतात. मिळोत की! मी नोकरीच्या भाषेबद्दल बोलतच नाही, तासांच्या मधल्या वेळेच्या भाषेबद्दल बोलतो आहे. दुसरा आक्षेप गंभीर आहे: कॉलेजांतली भाषिक चुरस पुन्हा जागवली तर डोकी फुटतील. फुटली आहेत, मी पाहिली आहेत. पण ती फुटली ती एकाच कॉलेजात दोन भाषा आमनेसामने उभ्या केल्यावर. चुरस कॉलेजांची असली आणि भाषा दोन्हीकडे दोन्ही असल्या, तर हौदावर कोटी होते आणि नारळावर तिची फेड होते.

पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक चालतो. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका, भरत नाट्यमंदिराचे सभागृह, आणि 'अरे, आवाज कुणाचा?' या आरोळीला आपापल्या कॉलेजचे नाव घेऊन दिलेले उत्तर. ही आरोळी आज राजकीय सभांतही ऐकू येते, पण तिची खरी शोभा त्या सभागृहात. फर्ग्युसन असो, स. प. असो, बीएमसीसी असो, पोरे घसा फुटेस्तोवर ओरडतात. आणि प्रश्नही मराठीत असतो, उत्तरही. मराठी रंगभूमीला त्या स्पर्धेने किती माणसे दिली हे सांगायची गरज नाही. बेळगाव, निपाणी, खानापूर, चंदगड, कारवार या पट्ट्यातल्या कॉलेजांसाठी अशी एखादी स्पर्धा उभी करायला राज्याच्या सीमेची अडचण येत नाही, न्यायालयाच्या निकालाची तर नाहीच. पुण्यामुंबईत स्थायिक झालेले आमच्या कॉलेजांचे माजी विद्यार्थी दरवर्षी भेटतात, जेवतात, जुन्या प्राध्यापकांच्या नकला करतात आणि परततात. त्यांनी एका वर्षीच्या जेवणाचा खर्च इकडे वळवला तरी पहिला करंडक होईल.

माझी एक अट मात्र आहे, किंवा आप्पांची म्हणा. वक्तृत्वाच्या गटात मराठी मुलाने कन्नडमध्ये आणि कन्नड मुलाने मराठीत पाच मिनिटे बोलावे, आणि त्यासाठी स्वतंत्र बक्षीस असावे. भाषा मोडकी चालेल. श्रोत्यांना हसायची मुभा असावी, आणि खेड्यातल्या मुलाने 'खरं' म्हटले तर परीक्षकाने गुण कापू नयेत. शेलापागोटी परत आणावीत, मात्र चिठ्ठ्या आधी दोन्ही भाषा जाणणाऱ्या दोघा प्राध्यापकांनी चाळाव्यात आणि मुलींवरचा गलिच्छपणा तिथेच फाडून टाकावा. वार्षिक अंकातला मराठी विभाग प्राध्यापकांनी गोळा केलेल्या सुविचारांनी न भरता मुलांच्या वाईट कवितांनी भरावा.

या अर्थाचे एक पत्र मी तयार केले आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरे सत्र सुरू होईल, त्या आठवड्यात ते आमच्या भागातल्या प्राचार्यांना पाठवायचे आहे. सही करू इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या कॉलेजचे नाव आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष लिहून कळवावे. पहिल्या दोन सह्या झाल्या आहेत. एक आप्पांची, आणि दुसरी, गोकाकला मुलाकडे राहणाऱ्या त्यांच्या निवडणुकीतल्या प्रतिस्पर्ध्याची. त्यांनी सही मराठीत केली आहे आणि खाली कंसात लिहिले आहे: 'विजयी उमेदवार'.